होळकर संघाचे दोन सामने

तात्यापाऱ्यातील मराठी कुटुंबांना इंदूरच्या होळकर संघाचे नाव परके वाटू नये. २००० पर्यंत रायपूर ज्या मध्य प्रदेशात होते, त्याच्या क्रिकेटची परंपरा याच संघापासून चालत आली.

मार्च १९४५ मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न मैदानावर रणजी करंडकाचा अंतिम सामना झाला. मुंबईच्या विजय मर्चंट यांनी २७८ धावा काढल्या आणि होळकर संघापुढे विजयासाठी ८६७ धावांचा डोंगर उभा राहिला. मुश्ताक अली यांनी दोन्ही डावांत शतके केली. इंग्लंडचे डेनिस कॉम्प्टन २४९ धावांवर नाबाद राहिले. तरीही संघ ३७४ धावांनी हरला.

कर्णधार सी. के. नायडू मात्र खचले नाहीत. पुढच्याच हंगामात, इंदूर येथे, संघाने म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा रचल्या. भांडारकर, सरवटे, जगदाळे, नायडू, निंबाळकर व प्रतापसिंह या सहा जणांनी शतके झळकावली आणि करंडकही इंदूरला आला.

१९५५ नंतर होळकर हे नाव रणजी स्पर्धेतून लोपले. मध्य प्रदेशाने २०२२ मध्ये मुंबईलाच हरवून प्रथमच करंडक जिंकला. २०१६ पासून छत्तीसगडचाही स्वतंत्र संघ खेळत आहे. त्याचे सामने पाहणाऱ्या मुलांना ९१२ धावांच्या विक्रमाबरोबरच, त्याआधीच्या पराभवाची कथाही वडीलधाऱ्यांनी अवश्य सांगावी.