फ्लेक्सप्लेटला तडा आणि 'इंजिन गेलं' म्हणणारे लोक

"जुनी ऑटोमॅटिक गाडी पुण्या-मुंबईच्या बाहेर नेऊ नये." हे वाक्य मी इतक्या लोकांकडून ऐकलंय की आता रागही येत नाही. कारण विचारलं की उत्तर ठरलेलं: "तिकडे कोण दुरुस्त करणार?" तिकडे म्हणजे नांदेड, लातूर, परभणी वगैरे.

आता गंमत बघा. ज्या लातूर जिल्ह्यात शेकडो फूट खोल बोअरमधली मोटार चार माणसं चेन कप्पी लावून दुपारच्या जेवणाआधी बाहेर काढतात, जिथे ट्रकचा गिअरबॉक्स रस्त्याकडेला खोलून परत बसवतात, तिथे म्हणे एका छोट्या कारचा गिअरबॉक्स खाली उतरवायला माणूस नाही. माणूस आहे हो. त्याच्याकडे माहिती नाही. आणि ती का नाही, हाच आजचा विषय.

उदाहरण म्हणून एकच पार्ट घेऊ. फ्लेक्सप्लेट.

क्लचच्या गाडीत इंजिनच्या मागे जड फ्लायव्हील असतं. जुन्या पद्धतीच्या ऑटोमॅटिकमध्ये त्या जागी तेलाने भरलेला टॉर्क कन्व्हर्टर असतो. तो स्वतःच इतका जड असतो की वेगळं फ्लायव्हील लागत नाही. फक्त क्रँकशाफ्ट आणि कन्व्हर्टर यांना जोडायला दोन-तीन मिलिमीटर जाडीची पोलादी चकती लागते. तीच फ्लेक्सप्लेट. बहुतेक गाड्यांत तिच्याच कडेला स्टार्टरचे दाते असतात. चालताना आतल्या तेलाच्या दाबाने कन्व्हर्टर किंचित फुगतो, त्यामुळे ही चकती थोडी वाकू शकेल अशी मुद्दाम पातळ केलेली असते. म्हणून फ्लेक्स.

(नवी एएमटी गाडी असेल तर हे तुम्हाला लागू नाही. २०१४ साली सेलेरिओपासून आपल्याकडे पसरलेल्या एएमटीत साधा क्लच आणि फ्लायव्हीलच असतं, फक्त क्लच दाबायचं काम मशीन करतं. शोरूमवाले दोन्हीला 'ऑटोमॅटिक'च म्हणतात, ते सोडा.)

तर या चकतीला वर्षानुवर्षांनी तडा जातो. बहुतेक वेळा क्रँकच्या बोल्टांभोवती, गोलाकार. मग गाडी उभी असताना खालून टकटक, खडखड असा आवाज येतो. आणि तो अगदी कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेल्यासारखा ऐकू येतो! इथेच सगळा घोळ होतो. नुसत्या आवाजावर निदान होतं, "साहेब, इंजिन गेलं." हजारात मिळणाऱ्या पत्र्याच्या चकतीसाठी लाखातलं इंजिन खोलायचं एस्टिमेट हातात पडतं.

माझ्या लातूरच्या मामांच्या बाबतीत हेच झालं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर क्लच दाबवेना म्हणून त्यांनी सेकंडहँड ऑटोमॅटिक घेतली होती. मुलगी नांदेडला, महिन्यातून दोनदा चाकूर-अहमदपूर-लोहा करत जाणं-येणं. एक दिवस आवाज सुरू झाला. एका मोठ्या शहरातल्या चकचकीत वर्कशॉपने गाडीखाली न वाकता इंजिन ओव्हरहॉलचा आकडा दिला, जो गाडीच्या किमतीपेक्षा जास्त होता. मामा म्हणाले, "कशाला उगं डोकं लावायलास? देऊन टाकू भंगारात." म्हणजे एका न पाहिलेल्या तड्यापायी एका माणसाचं लेकीकडे स्वतः गाडी चालवत जाणं बंद होणार होतं.

निदान करायला लागलं काय? बॅटरी, एक पाना आणि अर्धा तास. बेलहाउसिंगच्या खाली एक छोटं झाकण असतं, ते काढायचं. (काही गाड्यांत ते नसतं, मग स्टार्टर काढून त्या भोकातून बघायचं.) गाडी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली, क्रँकच्या पुलीचा बोल्ट पान्याने हळूहळू फिरवायचा आणि बॅटरीच्या उजेडात चकती बघत राहायची. तडा दिसतो. आजूबाजूला लालसर गंजाची पूड असेल तर अजूनच खात्री. दुसरी खूण म्हणजे एकेका सिलिंडरची ठिणगी बंद करून बघायची. रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर त्या सिलिंडरला आवाज एकदम कमी होतो. फ्लेक्सप्लेटला सहसा तसा फरक पडत नाही.

राव, आपण ऑफिसात लॉग न बघता "सर्व्हर बदला" म्हटलं तर बॉस हाकलून देईल. इथे त्याच गोष्टीचं बिल येतं.

दुरुस्ती आम्ही घरी केली. मामेभाऊ, मी आणि एरवी ट्रकवर काम करणारा एक मिस्त्री. दोन शनिवार-रविवार. अंगणात पक्की फरशी, इंजिन वरून धरायला बोअरवाल्याकडून आणलेली चेन कप्पी आणि तिपाई, गिअरबॉक्स खाली घ्यायला भाड्याचा जॅक. काम अवघड नाही, जड आणि किचकट आहे. जिथे लोक हमखास फसतात त्या जागा तेवढ्या सांगतो.

एक, नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कधीही जायचं नाही. विटा आणि दगडही नकोत. लोखंडी स्टँडच. गिअरबॉक्स पन्नास किलोच्या वर असतो, तो हातावर झेलायचा नसतो.

दोन, इंजिन आणि गिअरबॉक्समधल्या डॉवेल पिना जागेवर आहेत का बघा. आधीच्या कामात त्या हरवल्या असतील तर दोन्ही एका रेषेत बसत नाहीत आणि नवी चकतीही तडकते. तडा का गेला ते न शोधता प्लेट बदलणं म्हणजे एरर मेसेज लपवणं.

तीन, सगळ्यात महत्त्वाचं. गिअरबॉक्स चढवण्याआधी कन्व्हर्टर हाताने फिरवत फिरवत आत पूर्ण बसवायचा. तो टप्प्याटप्प्याने आत सरकतो, पहिल्या टप्प्याला "बसला" वाटतो पण बसलेला नसतो. गिअरबॉक्स इंजिनला टेकल्यावर कन्व्हर्टर मोकळा फिरला पाहिजे आणि चकतीपासून थोडी फट दिसली पाहिजे. फट नसेल आणि बोल्ट आवळून ओढून घ्यावं लागत असेल तर थांबा. तसंच आवळलं तर गिअरबॉक्सचा ऑइल पंप फुटतो, आणि मग खरोखरच लाखाचं काम निघतं.

चार, बोल्ट टॉर्क पान्यानेच आणि समोरासमोरचे आवळायचे. "हाताला अंदाज आहे" हे इथे चालत नाही.

आता तो टॉर्कचा आकडा कुठून आणायचा? आमचे दोन वीकेंड कामात गेले, पण त्याआधीचा पूर्ण आठवडा हे आकडे मिळवण्यात गेला. पाना फिरवणारा हात लातुरात होता. अडलं ते एका कागदावर.

हे काही माझं रडगाणं नाही. २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने चौदा कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. आरोप हाच, की सुटे भाग, तपासणीची साधनं आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजना मिळू देत नाहीत. पुढे अपिलं झाली. २०२२ साली केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'राइट टू रिपेअर'साठी समिती नेमली, वाहनं त्यात होती, वर्षाच्या शेवटी पोर्टलही आलं. चांगलं आहे. पण पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात लोकांनी २०१२ सालीच मतदान करून गाड्यांच्या दुरुस्तीचा हक्क मागून घेतला. आपण ओपन सोर्सवर तासन्‌तास भांडतो, आणि स्वतः पैसे मोजून घेतलेल्या गाडीचं मॅन्युअल बंद कपाटात असतं त्याबद्दल एक शब्द नाही!

"तुझ्या तासाचा रेट काय, दोन वीकेंड कशाला घालवलेस?" असं मला एका मित्राने विचारलं. हिशोब बरोबर आहे, पण तो माझ्या तासाचा आहे, मामांच्या गाडीचा नाही. त्यांच्यापुढे 'घरी करा' आणि 'वर्कशॉपला द्या' असे दोन पर्याय नव्हतेच. घरी करा किंवा भंगारात द्या, एवढंच होतं. शिवाय त्या मिस्त्रीला आता हे काम येतं. पुढची गाडी तो एकटा करेल आणि त्याचे योग्य पैसे घेईल.

आणि थोडं आपल्याबद्दलही. लातूर पॅटर्नने हजारो पोरं डॉक्टर-इंजिनिअर केली, नांदेडात १९८१ पासून इंजिनिअरिंग कॉलेज आहे. तरी इंजिनिअर झालेल्या भाच्याच्या हाताला ग्रीस लागलं की घरातल्यांना कमीपणा वाटतो. ही लाज कुठल्याही कंपनीने लादलेली नाही. ती आपलीच आहे.

सगळ्यांनी गिअरबॉक्स उतरवा असं मी म्हणत नाही. जागा, माणसं आणि लोखंडी स्टँड नसतील तर उतरवूच नका. पण 'इंजिन गेलं' हे ऐकल्यावर खालचं झाकण काढून दाखवा, इतकं तरी म्हणा. दाखवायला नकार दिला तर गाडी तिथून उचला. आणि गावाकडच्या मिस्त्रीला गाडी देताना सोबत मॅन्युअलची पानं छापून द्या. बाकीचं त्याला येतं.

असो. मामांची गाडी गेल्या आठवड्यात पुन्हा लोह्याला चहाला थांबली होती.