आकाशातला दगड आणि खिडकीची काच

२०२५ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. रक्तदाब तपासायला आलेल्या एका आजोबांनी बाही वर करता करता विचारले, "डॉक्टर, बत्तीस साली मुंबईवर दगड पडणार म्हणे. खरं का? मुलानं तिकडं कर्ज काढून घर घेतलंय." त्या आठवड्यात हाच प्रश्न मला आणखी चार-पाच जणांनी विचारला. व्हॉट्सअ‍ॅपवर एक नकाशा फिरत होता आणि त्यातला धोक्याचा पट्टा आफ्रिकेवरून, अरबी समुद्र ओलांडून थेट आपल्याकडे येत होता.

नकाशा अगदीच खोटा नव्हता. '२०२४ वायआर४' हा लघुग्रह डिसेंबर २०२४ मध्ये सापडला. २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता आधी सुमारे १ टक्का होती, ती फेब्रुवारीत ३.१ टक्क्यांवर गेली. मग काही दिवसांतच ती जवळजवळ शून्यावर आली. 'आधी घाबरवलं, आता म्हणतात काही नाही,' असा सूर लगेच निघाला.

रुग्णालयात हा सूर आमच्या ओळखीचा आहे. छातीच्या एक्स-रेवर डाग दिसला की आम्ही सीटी स्कॅन सांगतो. स्कॅनमध्ये तो जुन्या क्षयाचा व्रण निघाला, तर एक्स-रे काढणारा खोटारडा ठरत नाही. लघुग्रहाचेही तसेच. थोड्याच रात्रींच्या निरीक्षणावरून तो पुढे कुठे असेल याचा पट्टा रुंद असतो. निरीक्षणे वाढतात तसा पट्टा आकसतो. पृथ्वी त्या आकसत्या पट्ट्यात असेपर्यंत टक्केवारी वाढत जाते आणि पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली की एकदम कोसळते. इथे तपासणीने आपले काम चोख केले होते.

मोठ्या लघुग्रहांवर दुर्बिणींची नजर आहे. २०२२ मध्ये नासाच्या 'डार्ट' यानाने डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहाला धडक देऊन त्याची कक्षा बदलूनही दाखवली. मात्र लहान दगड अजूनही न सांगता येऊ शकतात. तसा एक दगड आला, तेव्हा लोकांना इजा कशाने झाली हे डॉक्टर म्हणून मला जास्त महत्त्वाचे वाटते.

१५ फेब्रुवारी २०१३. रशियातले चेल्याबिन्स्क शहर, सकाळचे सव्वानऊ वाजून गेलेले. सुमारे २० मीटर व्यासाचा दगड सेकंदाला १९ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरला आणि साधारण ३० किलोमीटर उंचीवर फुटला. तो सूर्याच्या दिशेने आल्यामुळे कोणत्याही दुर्बिणीला आधी दिसला नव्हता. सूर्यापेक्षा प्रखर उजेड पडला आणि विझला. आवाज मात्र आला नाही. लोक कामे टाकून खिडक्यांशी धावले. आकाशात उमटलेला धुराचा पट्टा पाहू लागले, मोबाइलवर टिपू लागले. दोन मिनिटांहून अधिक वेळ गेला आणि मग दाबाची लाट येऊन धडकली. हजारो इमारतींच्या काचा फुटल्या. सुमारे दीड हजार लोकांना उपचार घ्यावे लागले. मृत्यू एकही झाला नाही. आकाशातला दगड डोक्यात पडून जखमी झालेले कोणी नव्हते. बहुतेक जखमा उडालेल्या काचांच्या होत्या.

त्याच शहरातल्या एका शिक्षिकेने उजेड दिसताच चौथीच्या ४४ मुलांना खिडक्यांपासून दूर, बाकांखाली जायला सांगितले. उजेड कशाचा होता हे तिलाही ठाऊक नव्हते. मुलांना ओरखडाही आला नाही. ती स्वतः उभी होती, तिच्या हाताला काचेने खोल जखम झाली.

यात अवघड विज्ञान काही नाही. वीज आधी दिसते आणि गडगडाट मागून येतो, हे आपल्याकडे शेंबडे पोरही जाणते. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. एवढ्या वेळात भिंतीआड जाता येते.

'असला दगड शंभर वर्षांत एखादा, त्यासाठी कशाला शिकायचे?' हा प्रश्न रास्त आहे. पण काचेला स्फोट कशाचा हे कळत नाही. ४ ऑगस्ट २०२० रोजी बैरूतच्या बंदरात आग लागली, तेव्हाही लोक खिडक्यांत उभे राहून चित्रीकरण करत होते. मग मोठा स्फोट झाला आणि रुग्णालये काचेच्या जखमांनी भरली. आपल्या डोंबिवलीत मे २०२४ मध्ये रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, त्यात आसपासच्या वस्तीतल्या खिडक्यांचाही चुरा झाला. गॅस सिलिंडर, फटाक्यांची गोदामे, बॉयलर हे तर रोजचेच शेजारी आहेत.

म्हणून शाळांच्या आपत्ती सरावात एक ओळ घालावी: लख्ख उजेड किंवा मोठी आग दिसली, तर खिडकीकडे जायचे नाही, खिडकीपासून दूर जायचे आणि काही मिनिटे तिथेच थांबायचे. कारखान्यांशेजारच्या शाळांनी आणि दवाखान्यांनी काचांना चिकटपटलाचा थर लावून घ्यावा. काच फुटली तरी तुकडे बरेचसे जागच्या जागी राहतात.

काच लागलीच, तर खोल रुतलेला तुकडा उपटू नये. त्याच्या बाजूने स्वच्छ कापडाने दाब द्यावा आणि रुग्णालय गाठावे. जखम लहान दिसली तरी धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना विचारावे. डोळ्यात तुकडा घुसला असेल तर डोळा चोळू नये, तुकडा काढायला जाऊ नये. वरून कागदी कप अलगद टेकवून, डोळ्यावर दाब न देता न्यावे.

आजोबांचा रक्तदाब त्या दिवशी जरा वाढलेलाच होता. घर विकायची गरज नाही, एवढे मी त्यांना सांगितले. मग मुलाच्या घरी पलंग कुठे आहे ते विचारले. मोठ्या खिडकीला लागून आहे, म्हणाले. तो तेवढा सरकवून घ्या, असे सांगून मी गोळी लिहून दिली.