वाचलं सगळं, पण म्हटलंय काय?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. दुपारी दारात एक टेम्पो थांबला. त्यातून उतरलेला तिशीतला माणूस चपला काढून सरळ आत आला आणि पाया पडला. "बाई, ओळखलं का?" शिक्षकाला हा प्रश्न कायम अडचणीत टाकतो. मी नेहमीप्रमाणे "हो तर" म्हणाले, आणि त्याच्या मिशा मनातल्या मनात पुसून पाहिल्यावर खरोखरच ओळखलं. सातवीत माझ्या वर्गात होता. वाचन खणखणीत. शाळेत साहेब तपासणीला आले की धडा वाचायला मी त्यालाच उभं करायची.

त्यानं खिशातून चार घड्या घातलेला कागद काढला. तलाठी कचेरीतून त्याच्या आईच्या नावानं आलेली फेरफाराची नोटीस होती. "घरी मी आईला सगळी वाचून दाखवली बाई," तो म्हणाला आणि माझ्यासमोरही त्यानं ती घडाघडा वाचली. एकही जोडाक्षर अडलं नाही. मी विचारलं, "मग काय लिहिलंय यात?"

"गट नंबर आहे. आजोबांचं नाव आहे. ते वारल्याची तारीख आहे. मामांची नावं आहेत. खाली सही-शिक्का आहे."

"ते झालं रे. पण कागद म्हणतोय काय?"

तो माझ्याकडे बघत राहिला.

कागद एवढंच म्हणत होता, की आजोबांच्या जमिनीला वारस म्हणून या लोकांची नावं लावायचा अर्ज आलाय, कुणाची हरकत असेल तर इतक्या दिवसांत लेखी कळवा, नाही कळवली तर हरकत नाही असं धरलं जाईल. त्या नावांत त्याच्या आईचं नाव नव्हतं. आणि मुदत संपून आठ दिवस झाले होते. पुढे प्रांतांकडे अपील, वकील, तारखा, मामांशी अबोला असं सगळं ओघानं झालं. आपल्याकडे बहिणींची नावं अशी गळतात, त्यात नवीन काही नाही. मला लागलं ते वेगळंच. ज्याच्या वाचनाचं मी दहा वर्षं इतर वर्गांना उदाहरण दिलं, त्याला वाचता येत होतं आणि वाचलेलं काय म्हणतंय ते कळत नव्हतं. मराठीचे तास त्यानं माझ्याकडेच काढले होते.

'असर'चा अहवाल आला की वर्तमानपत्रांत हळहळ व्यक्त होते. २०१८च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या आठवीच्या मुलांपैकी सुमारे ७३ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येतो, असं दिसलं होतं. म्हणजे चारातल्या एकाला येत नाही. त्या एकाची काळजी करायलाच हवी, करणारे करतातही. पण ही चाचणी मजकूर मोठ्यानं वाचता येतो का एवढंच पाहते. माझा टेम्पोवाला विद्यार्थी त्यात पहिल्या फटक्यात पास झाला असता. उरलेल्या तिघांचं काय, हा प्रश्न मला जास्त छळतो, कारण त्यांना 'येतं' असं आपण सगळ्यांनी धरून चाललेलो असतो.

आता मी स्वतः काय करत होते ते सांगते. पाचवी ते आठवीच्या मराठीच्या पेपरात न पाहिलेला उतारा असतो आणि त्याखाली हमखास एक प्रश्न : उताऱ्याची मध्यवर्ती कल्पना लिहा, किंवा योग्य शीर्षक द्या. एका सहामाहीला मी असा उतारा घातला होता. एका गावात जुनी विहीर असते. नळयोजना येते. लोक विहिरीत कचरा टाकू लागतात, शेवटी ती बुजवून वर चौथरा बांधतात. मग एका उन्हाळ्यात नळ कोरडे पडतात आणि बायका त्याच चौथऱ्यावर हंडे घेऊन टँकरची वाट बघत बसतात. नमुना उत्तर तयार होतं : पाणी हे जीवन आहे, ते जपून वापरावे. वर्गातल्या बहुतेकांनी तेच लिहिलं. एका मुलीनं लिहिलं, "नवीन मिळालं म्हणून जुनं बुजवलं की दोन्ही जातं."

मी तिला दोनपैकी अर्धा गुण दिला.

पेपर वाटल्यावर ती टेबलाशी आली. भांडायला नाही, विचारायला. "बाई, पण पाणी जपून वापरा असं उताऱ्यात कुठं आहे?" मी उतारा पुन्हा पाहिला. कुठंही नव्हतं. गावात कुणी पाणी वाया घालवत नव्हतं. "असतं ते, समजून घ्यायचं," असं म्हणून मी तिला जागेवर पाठवलं. तिनं पुन्हा असलं काही लिहिलं नाही. वार्षिक परीक्षेला तिचं उत्तर इतरांसारखंच होतं आणि मी त्याला पूर्ण गुण दिले.

हा रोग आपल्याकडे जुना आहे. इसापाच्या गोष्टीखाली 'तात्पर्य' वाचून आपण मोठे झालो. त्यामुळे कुठल्याही मजकुराच्या तळाशी एक सुविचार असणार, तो उचलून दिला की काम झालं, अशी आपली समजूत. झाडाविषयी उतारा असला की 'झाडे लावा', आजीविषयी असला की 'वडीलधाऱ्यांचा मान राखा'. मुलं हुशार असतात. उतारा न वाचताही दोन गुण मिळतात हे त्यांना सहावीतच कळतं. मग गाइडवाले तरी काय वेगळं करणार?

'तात्पर्य' हा शब्द मुळात एवढा केविलवाणा नव्हता. निवृत्तीच्या आधी दोन वर्षं, एका मे महिन्यात, मी 'गीतारहस्य' हातात घेतलं. टिळकांनी हा ग्रंथ मंडालेच्या तुरुंगात लिहिला आणि १९१५ साली तो प्रसिद्ध झाला, हे आपण परीक्षेला पाठ करतो. पण पहिल्याच प्रकरणात टिळक माझाच प्रश्न घेऊन बसलेले पाहून मी चकित झाले. एखाद्या ग्रंथाचं तात्पर्य ठरवायचं कसं? त्यासाठी ते मीमांसकांच्या जुन्या खुणा सांगतात : उपक्रम आणि उपसंहार, अभ्यास, अपूर्वता, फल, अर्थवाद, उपपत्ती. पहिल्या दोन वेगळ्या धरल्या तर सात, एकत्र धरल्या तर सहा. अर्जुन सुरुवातीला धनुष्य टाकून बसतो आणि शेवटी लढायला उभा राहतो, तेव्हा मधल्या सगळ्या उपदेशाचा रोख कुठे आहे ते या दोन टोकांवरून पाहा, असा त्यांचा युक्तिवाद. तो कुणाला पटेल, कुणाला नाही. इतकी शतकं मोठमोठ्या आचार्यांचं एका सातशे श्लोकांच्या पुस्तकाच्या मध्यवर्ती कल्पनेवर एकमत होत नाही, आणि आपण बारा वर्षांच्या पोराकडून ती दोन ओळींत, दोन गुणांत, नमुना उत्तराबरहुकूम मागतो!

जूनमध्ये शाळा उघडल्यावर मी ते अवघड शब्द बाजूला ठेवून त्या खुणा सातवीच्या फळ्यावर आणल्या. मजकूर सुरू कुठं होतो आणि संपतो कुठं? पुन्हा पुन्हा काय येतं? हे वाचण्याआधी तुम्हाला माहीत नव्हतं असं यात काय आहे? वाचून झाल्यावर वाचणाऱ्यानं काय करावं किंवा मानावं असं लिहिणाऱ्याला वाटतं? नुसती सजावट कुठली? आणि कारणं कुठली दिलीत? सगळे प्रश्न सगळ्या मजकुरांना लागू पडत नाहीत, हे मुलांनी मला आठवड्यात दाखवून दिलं. पण 'अपूर्वता' मात्र रामबाण निघाली. 'पाणी हे जीवन आहे' हे मुलांना बालवाडीपासून माहीत असतं. मग ते सांगायला कुणी विहिरीची एवढी गोष्ट कशाला लिहील? आणि 'फल' म्हणजे वाचून झाल्यावर मी काय करायचं, हा प्रश्न त्या नोटिशीला कुणी विचारला असता तर?

एक उतारा मी स्वतःच लिहून नेला होता. १६ एप्रिल १८५३ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी निघाली. चौदा डबे, चारेकशे प्रवासी, एकवीस तोफांची सलामी. त्याआधी लोक प्रहर आणि घटका मोजत. एक घटका म्हणजे चोवीस मिनिटं. पाहुणा 'सांजच्याला येतो' म्हणाला की तेवढं पुरे होई. गाडी मात्र कुणासाठी थांबत नसे. मग स्टेशनात घड्याळ आलं, आणि हळूहळू माणसं मिनिटांवर भांडू लागली. एवढाच मजकूर. मध्यवर्ती कल्पना काय, असं विचारल्यावर एकानं सांगितलं, 'रेल्वे'. हा झाला विषय. कशाबद्दल आहे ते कळलं, त्याबद्दल म्हटलंय काय ते राहिलं. दुसरा म्हणाला, 'पहिली रेल्वे १८५३ साली धावली'. हा एक तपशील, तोही पहिल्या ओळीतला. पहिली ओळ उचलायची सवय फार चिवट असते. तिसरीनं सवयीनं 'वेळेचं महत्त्व ओळखावं' असा सुविचार दिला. मग बराच गलका झाला आणि मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, गाडीमुळं लोकांची वेळ मोजायची पद्धतच बदलली, असं म्हणायचंय त्याला." हे वाक्य उताऱ्यात कुठंही नव्हतं, तरी ते साऱ्या उताऱ्याचं होतं.

कुणी म्हणेल, मग ज्याला जे वाटेल ते बरोबर? अजिबात नाही. माझ्या वर्गात एकच नियम होता : बोट ठेवून दाखव. उत्तर सांगायचं आणि कुठल्या ओळींवरून सुचलं तिथं बोट ठेवायचं. 'वेळेचं महत्त्व ओळखावं' म्हणणारीचं बोट बराच वेळ पानावर फिरलं आणि तिनंच उत्तर मागं घेतलं. विहिरीच्या उताऱ्यावर त्या मुलीनं नळ, कचरा, चौथरा, हंडे अशा चार ठिकाणी बोट ठेवलं असतं. तेव्हा मी ठेवायला सांगितलंच नाही.

सारांशाचीही हीच कथा. 'एक तृतीयांश करा' म्हटलं की मुलं शब्द मोजतात, दोन वाक्यं गाळतात, तिसरं जसंच्या तसं उतरवतात. अमेरिकेत अॅन ब्राउन आणि जीन डे या संशोधकांनी १९८३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लहान वर्गांतल्या मुलांची हीच युक्ती नोंदवली आहे : काही गाळायचं, काही उतरवायचं. उताऱ्यात न लिहिलेलं पण त्याच्या पोटात असलेलं वाक्य स्वतः तयार करणं सगळ्यात उशिरा येतं. ते शिकवावं लागतं, आणि शिकवणाऱ्याला आधी स्वतः अडखळावं लागतं.

पण युक्त्यांवरच भिस्त ठेवून चालत नाही, हेही मला उशिरा उमगलं. १९८८ साली तिथल्याच डॉना रेख्त आणि लॉरेन लेस्ली यांनी सातवी-आठवीच्या ६४ मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण बेसबॉल जाणणारी मुलं, वाचनात तरबेज पण बेसबॉल न कळणाऱ्या मुलांपेक्षा सरस ठरली. डावाचं वर्णन करण्यात, आणि त्यातली महत्त्वाची वाक्यं निवडण्यातसुद्धा. बेसबॉलच्या जागी क्रिकेट घाला, आपल्याला लगेच पटेल. माझ्या वर्गातला एक मुलगा कुठल्याही उताऱ्यावर गप्प बसायचा. ऊसतोडीवरचा उतारा आला त्या दिवशी तो एकटा बोलत होता, आणि डॉक्टरांची मुलगी तपशिलांत हरवली होती. कोयता, मुकादम, उचल यांतलं मोठं काय आणि किरकोळ काय, हे तिला कसं कळावं?

म्हणून शिष्यवृत्तीच्या तयारीसाठी (पूर्वी ती चौथी-सातवीला होती, नंतर पाचवी-आठवीला झाली होती) मुलांकडून शंभर निरनिराळे उतारे सोडवून घेणारे पालक भेटले की माझा जीव कळवळतो. आज पेंग्विन, उद्या अंतराळयान, परवा संत, आणि खाली चार पर्याय. एकाही विषयात पाय टेकत नाहीत. त्यापेक्षा पंधरा दिवस एकाच विषयावर पाच-सहा गोष्टी वाचू द्या : पुस्तकातला धडा, बातमी, आजोबांची आठवण, एखादी सरकारी नोटीससुद्धा. तिसऱ्या वाचनापासून मूल आपण होऊन म्हणू लागतं, "हे तर मागच्यातच होतं, यात नवीन एवढंच आहे."

आमच्या घरी रविवारी एक उद्योग चालतो. पुरवणीतल्या लेखाचं किंवा बातमीचं शीर्षक मी कागदानं झाकते. सातवीतला नातू मजकूर वाचतो आणि स्वतःचं शीर्षक देतो, मग आम्ही कागद उचलतो. जुळलंच पाहिजे असा आग्रह नाही, बोट मात्र ठेवावं लागतं. फोनवर आलेल्या लांबलचक निरोपांनाही तो आता हेच करतो. परवा त्यानं जाहीर केलं, की आजोबांनी पाठवलेल्या आरोग्यविषयक संदेशात बारा ओळी आहेत आणि म्हटलेलं काहीच नाही. आजोबा अर्थात चिडले. त्यांनी चष्मा लावला, फोन डोळ्यांजवळ धरला आणि बोट ठेवायला जागा शोधू लागले.