खिडक्या उघडून मोजलेली हवा

प्लायवूडचे पापुद्रे, पार्टिकल बोर्डातला भुसा आणि एमडीएफचे तंतू बहुतेक वेळा एकाच स्वस्त चिकट्याने जोडलेले असतात: यूरिया-फॉर्माल्डिहाइड. उष्मा आणि ओलावा लागला की तो हळूहळू विघटित होतो आणि फॉर्माल्डिहाइड वायू वर्षानुवर्षे खोलीत सुटत राहतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये हा वायू माणसाला कर्करोग करणारा ठरवला. जागतिक आरोग्य संघटनेची घरातील मर्यादा घनमीटरमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे ०.०८ पीपीएम आहे. इथपर्यंत कोणाचा वाद नाही. लबाडी सुरू होते ती मोजणीत. आधी दारे-खिडक्या उघडायच्या, वारा खेळू द्यायचा, मग यंत्र लावायचे!

अमेरिकेत २००५ च्या कॅटरिना वादळानंतर बेघरांना अशाच फळ्यांनी बनवलेले सरकारी ट्रेलर, म्हणजे चाकांवरची तयार घरे, मिळाले. डोळ्यांची आग, नाकातून रक्त, मुलांचा खोकला अशा तक्रारी आल्या. त्यावर, राहत्या ट्रेलरांची तपासणी केली तर जबाबदारी गळ्यात पडेल, असा सल्ला सरकारी वकिलांनी दिला. २००६ मध्ये तपासले गेले ते रिकामे ट्रेलर. एसी चालू ठेवलेल्यांत सरासरी ०.३९ पीपीएम आढळले. खिडक्या-झरोके उघडे ठेवलेल्यांत ०.०९. रहिवाशांना मग उपाय सांगण्यात आला तो खिडक्या उघडण्याचा, तोही लुइझियाना-मिसिसिपीच्या दमट उकाड्यात. राहते ट्रेलर अखेर तपासले गेले २००७-०८ च्या हिवाळ्यात, म्हणजे वायू कमी सुटण्याच्या दिवसांत. तरीही ५१९ पैकी सर्वांत वाईट ट्रेलरमध्ये ०.५९ पीपीएम निघाले, मर्यादेच्या सातपट.

योग्य पद्धत गूढ नाही. नैसर्गिक वायुवीजनाची खोली किमान आठ तास, शक्यतो रात्रभर, बंद ठेवायची; पंपाने ठरावीक हवा रसायन लावलेल्या नळीतून ओढायची; नळी प्रयोगशाळेत तपासायची. तापमान व आर्द्रता नोंदवायची. हातातले स्वस्त मीटर अत्तरालाही भुलते. त्याच्या आकड्यावर निकाल देता येत नाही.

महाराष्ट्र-गोव्यात या लबाडीला माणूसही लागत नाही, शिक्काच पुरतो. फळीवरच्या ‘ई-१’ या उत्सर्जन-वर्गाच्या शिक्क्यामागची युरोपीय चाचणी २३ अंश तापमान, ४५ टक्के आर्द्रता आणि ताशी एकदा पूर्ण बदललेली हवा धरून होते. जुलैतल्या रत्नागिरीत किंवा पणजीत ४५ टक्के आर्द्रता कोणी पाहिली आहे? शिवाय त्या वर्गाची मर्यादाच मुळात घनमीटरमागे ०.१२४ मिलिग्रॅम आहे, आरोग्य संघटनेच्या मर्यादेहून जास्त. भारताच्या २००९ च्या राष्ट्रीय हवा-मानकांत बारा प्रदूषके आहेत. त्यांत फॉर्माल्डिहाइड नाही आणि ती मानकेही घराबाहेरच्या हवेची.

‘वास गेला, आता काय?’ हा विक्रेत्यांचा लाडका प्रश्न. वास गेलेला नसतो, नाक सरावलेले असते. यंत्र सरावत नाही. ‘वरून लॅमिनेट आहे ना?’ असेल, दर्शनी बाजूला. कपाटाची पाठ, कापलेल्या कडा आणि बिजागरीची भोके उघडीच असतात, आणि वायू दर्शनी बाजूचा मान राखत नाही. सर्वांत संतापजनक उत्तर म्हणजे ‘घर हवेशीर ठेवा’. सल्ला म्हणून तो योग्यच आहे. पण एसी लावून दार लोटून झोपणाऱ्या मुलाच्या खोलीचा अहवाल दुपारी खिडक्या सताड उघडून करणे हा सल्ला नव्हे, फसवणूक आहे.

ज्या अहवालात खोली किती तास बंद होती, तापमान किती, आर्द्रता किती आणि मोजणी कोणत्या महिन्यात झाली याची नोंद नाही, तो अहवाल ग्राहकाने स्वीकारू नये. त्याचे पैसेही देऊ नयेत.