विश्लेषण : सतरा, चौतीस, एकाहत्तर… दौंड-शिरूरच्या विद्यार्थ्यांना ही बेरीज का यायला हवी?

नववीच्या विज्ञानात ‘द्रव्याचे मोजमाप’ हा पाठ आहे. त्यात रेणुवस्तुमान काढायला शिकवतात. नायट्रोजनचे १४ आणि हायड्रोजनच्या तीन अणूंचे ३, म्हणजे अमोनियाचे १७. क्लोरीनचे दोन अणू मिळून ७१. विद्यार्थी बेरीज करतात, गुण मिळवतात आणि दहावीनंतर विसरतात. दौंड आणि शिरूर तालुक्यांत मात्र ही बेरीज विसरणे परवडणारे नाही. एका बाजूला कुरकुंभची रासायनिक कारखान्यांची वसाहत, दुसऱ्या बाजूला रांजणगावची औद्योगिक वसाहत, मध्ये साखर कारखाने, गुऱ्हाळे, दूध शीतकरण केंद्रे आणि गोठ्यामागचे गोबरगॅस. पुस्तकातले रसायनशास्त्र इथे रोज रस्त्यावरून जाते, चुलाणावर उकळते आणि कधी कधी जीवही घेते.

या बेरजेचा जिवाशी काय संबंध?

आपण श्वासात घेतो त्या हवेचे सरासरी रेणुवस्तुमान साधारण २९ आहे. हा एकच आकडा लक्षात ठेवायचा. ज्या वायूचा आकडा २९ पेक्षा कमी, तो वर चढू पाहतो. ज्याचा जास्त, तो खाली, खड्ड्यात, तळघरात, नाल्यात साचू पाहतो. क्लोरीन ७१, म्हणजे हवेच्या जवळजवळ अडीचपट जड. त्याची गळती झाली, तर जमिनीवर आडवे पडणे किंवा सखल भागाकडे पळणे धोक्याचे. वाऱ्याला आडवे होऊन उंचावर जायचे. अमोनिया १७, म्हणजे हलका. मात्र टाकीतून द्रवरूप अमोनिया फुटून बाहेर आला, तर तो इतका थंड असतो की सुरुवातीला धुक्यासारखा जमिनीलगतच पसरतो. नुसत्या आकड्यावर विसंबता येत नाही ते असे. पण अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून ओले फडके नाकातोंडाला लावून बाहेर पडण्याने मदत होते. स्वयंपाकाच्या गॅसमधले प्रोपेन ४४ आणि ब्युटेन ५८. तो फरशीवर साचतो, म्हणून वास आला की पंखा किंवा दिव्याचे बटण न दाबता दारे-खिडक्या उघडायच्या.

आता हायड्रोजन सल्फाइड : हायड्रोजनचे २, गंधकाचे ३२, एकूण ३४. कार्बन डायऑक्साइड ४४. शेण, मळी, सांडपाणी कुजते त्या बंद टाकीत हे दोन्ही तयार होतात आणि तळाशी बसतात. मार्च २०२३ मध्ये शेजारच्या बारामती तालुक्यातील खांडज येथे अशाच टाकीत चौघांचा गुदमरून मृत्यू झाला. अशा घटनांचा क्रम बहुतेक वेळा सारखाच असतो. एक जण आत कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. सडक्या अंड्यासारखा वास येईनासा झाला म्हणजे वायू गेला, असे लोकांना वाटते. प्रत्यक्षात हायड्रोजन सल्फाइडचे प्रमाण फार वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बंद पडते. वास न येणे हीच तिथली सर्वांत वाईट खूण असू शकते. हे वाक्य प्रत्येक गोठ्याच्या भिंतीवर लिहायला हरकत नाही.

टँकरवरच्या केशरी पाटीचे काय?

पुणे-सोलापूर महामार्गावर यवत, चौफुला, पाटसमार्गे कुरकुंभकडे जाणाऱ्या टँकरवर एक पाटी असते. तिच्यावरचा चार आकडी क्रमांक जगभर सारखाच असतो. १२०३ म्हणजे पेट्रोल, १८३० म्हणजे सल्फ्युरिक आम्ल, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन. अपघात झालेला टँकर दिसला की गर्दी जमते, मोबाइल बाहेर निघतात. त्याच मोबाइलने लांबून पाटीचा फोटो काढून क्रमांक अग्निशमन दलाला कळवला, तर येणाऱ्या जवानांना पाणी मारायचे की नाही हे आधीच ठरवता येते. सल्फ्युरिक आम्लावर थोडेसे पाणी पडले की ते उसळते, हे दहावीचा विद्यार्थी जाणतो. किमान उत्तरपत्रिकेत तरी तसे लिहितो.

गुऱ्हाळात चुना कशाला टाकतात?

दौंड तालुक्यातल्या गुऱ्हाळांवर जे चालते, ते नववीच्या आम्ल-आम्लारीच्या पाठाइतकेच स्पष्ट आहे. उसाचा ताजा रस किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५ ते ५.५. तसाच तो काहिलीत तापवला तर आम्लामुळे साखरेच्या रेणूचे दोन तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. ही दोन्ही ओलावा ओढतात आणि गुळाची ढेप पाघळते. म्हणून गुळव्या रसात चुन्याची निवळी टाकतो. आम्ल उदासीन होत जाते, गढूळ द्रव्ये एकत्र येऊन मळी वर तरंगते, ती झाऱ्याने काढतात. भेंडीच्या झाडाचा चिकट रस हेच मळी धरण्याचे काम आणखी चांगले करतो. चुना जास्त झाला की गूळ काळपट पडतो. गुळव्याला सामूची पट्टी लागत नाही. तो फेसावरून आणि रंगावरून ओळखतो. हे ज्ञान पुस्तकातल्या ज्ञानापेक्षा कमी प्रतीचे मानण्याची शाळांची सवय सुटली पाहिजे.

पिवळाधमक गूळ हवा या ग्राहकाच्या हट्टामुळे काही ठिकाणी ‘हायड्रॉस’ पावडर वापरतात. ती क्षपणक आहे. रंग देणाऱ्या द्रव्यांचे क्षपण करून ती गूळ उजळवते आणि मागे सल्फर डायऑक्साइडचा अंश ठेवते. अन्नसुरक्षेच्या नियमांत या अंशाला मर्यादा घातलेली आहे. ऑक्सिडीकरण आणि क्षपण दहावीला शिकवताना याहून चांगले उदाहरण या तालुक्यात शोधूनही सापडणार नाही.

चुनकळीचेही तसेच. ५६ ग्रॅम चुनकळीत १८ ग्रॅम पाणी मुरले की ७४ ग्रॅम विरलेला चुना होतो. वस्तुमान तेवढेच राहते, पण उष्णता बाहेर पडते, आणि ती इतकी, की पेलाभर पाणी उकळीपर्यंत न्यावे. म्हणून चुना विरवताना पोरांना लांब ठेवायचे. तंबाखूच्या चुन्याची पुडी किंवा नळी दाबताना डोळ्यात उडाली, तर कण पुसून काढून लगेच वाहत्या स्वच्छ पाण्याने किमान १५ मिनिटे डोळा धुवायचा आणि दवाखाना गाठायचा. ‘आम्लारीवर आम्ल’ हा अर्धवट पाठ आठवून लिंबू पिळायचे नाही. उदासिनीकरणातही उष्णता निघते, आणि लिंबाने डोळ्याला नवी इजा होते ती वेगळीच.

घरातला धोका कोणता?

गावच्या पाण्याच्या टाकीत टाकतात ती टीसीएल पावडर आणि संडास धुवायचे ॲसिड. दोन्ही वेगवेगळी वापरली तर उपयोगी. अधिक स्वच्छतेच्या हौसेने एकत्र केली, की बंद न्हाणीघरात क्लोरीन तयार होतो. तोच ७१ वाला.

मग शाळेत अडते कुठे?

विज्ञानाच्या १०० गुणांत २० गुण प्रात्यक्षिकांचे आहेत. वहीत निरीक्षण लिहिलेले असते. निरीक्षण झालेले असतेच असे नाही. प्रयोगशाळा नाही, रसायने नाहीत, शिक्षकावर इतर कामांचा बोजा आहे, ही कारणे खरी आहेत. पण सुरुवातीच्या रसायनशास्त्राला फार खर्च लागत नाही. हळदीचा कागद चुन्याच्या निवळीत लाल होतो. निवळीत नळीने फुंकले की ती दुधाळ होते. पावसाचे, विहिरीचे आणि कालव्याचे पाणी तीन बाटल्यांत घेऊन सारखाच साबण टाकून हलवले, तर कोणते पाणी जड हे फेसच सांगतो. सामूच्या पट्ट्यांचे एक पुडके घेऊन वर्ग गुऱ्हाळावर नेला, तर चुना टाकण्याआधीचा आणि नंतरचा फरक मुलांना स्वतः मोजता येतो.

कारखान्यांचे काही कर्तव्य आहे का?

आहे, आणि ते कायद्याने आहे. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये मिथिल आयसोसायनेट पसरला. त्याचे रेणुवस्तुमान ५७, हवेच्या जवळपास दुप्पट. तो वस्त्यांमधून जमिनीलगत सरकत गेला आणि कुठे पळावे हे लोकांना कुणी सांगितलेले नव्हते. त्यानंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांविषयीचे नियम झाले. मोठ्या अपघाताचा धोका असलेल्या कारखान्याच्या आसपास राहणाऱ्यांना धोक्याचे स्वरूप आणि अपघात झाल्यास काय करावे, काय टाळावे याची माहिती मिळाली पाहिजे, असे ते नियम सांगतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कुरकुंभमधल्या एका कारखान्याला रात्री आग लागली, तेव्हा परिसरातल्या लोकांना घरे सोडावी लागली. जून २०२१ मध्ये मुळशीतील उरवडे येथे रासायनिक उत्पादनाच्या कारखान्यातील आगीत डझनाहून अधिक कामगार दगावले, त्यांत बहुतेक महिला होत्या. या तालुक्यांतली अनेक मुले उद्या ठेकेदारामार्फत अशाच कारखान्यांच्या दारात उभी राहणार आहेत, आणि पिंपावरची खूण त्यांना वाचता येते का, हे तिथे कुणी विचारणार नाही.

माहिती द्यायचीच आहे, तर ती कारखान्याच्या फाटकावरच्या फलकापुरती का ठेवायची? कुरकुंभच्या परिसरात कोणती रसायने साठवली जातात, त्यातली कोणती २९ च्या वर आणि कोणती खाली, भोंगा वाजला तर वारा पाहून कोणत्या बाजूला जायचे, एवढे मराठीत छापलेले एक पान परिसरातल्या प्रत्येक माध्यमिक शाळेच्या नववीच्या वर्गात लावायला कारखाने, औद्योगिक विकास महामंडळ आणि शिक्षण विभाग यांना एका बैठकीपेक्षा जास्त वेळ लागू नये. प्रात्यक्षिक परीक्षेत त्या पानावर दोन प्रश्न विचारले, तर मुले ते घरी जाऊन आई-वडिलांनाही सांगतील.