रीतीचे गुण

प्रस्तुत लेखक मूळचा संस्कृताचा शिक्षक. परंतु लहान गावच्या शाळेत एकाच माणसास तीन-चार विषयांचा गाडा ओढावा लागतो, त्या न्यायाने काही वर्षे गणितही आमच्या गळ्यात पडले होते. त्या काळी एका विद्यार्थ्यास आम्ही १६ छेद ६४ या अपूर्णांकाचे संक्षिप्त रूप विचारले. त्याने वरच्या संख्येतील सहा आणि खालच्या संख्येतील सहा अशा दोहोंवर सरळ काट मारली व 'एक छेद चार' असे उत्तर लिहून मोकळा झाला. उत्तर बिनचूक होते. आम्ही मात्र त्यास शून्य दिले. "गुरुजी, पुस्तकाच्या शेवटी हेच उत्तर आहे," असे तो रडकुंडीस येऊन म्हणाला. आम्ही त्यास तेथल्या तेथे १२ छेद २४ हा अपूर्णांक घातला. त्याने तितक्याच उत्साहाने दोनांवर काट मारली, आणि उत्तर पुन्हा 'एक छेद चार' असेच आले. मग तो स्वतःच वहीकडे पाहत उभा राहिला.

या जुन्या गोष्टीचे स्मरण होण्यास कारण असे झाले, की आमच्या ज्येष्ठ बंधूंचे चिरंजीव गेल्या दिवाळीत अमेरिकेहून घरी आले होते. वय पस्तिशीचे, नोकरी चांगली, पदरी पत्नी व तीन वर्षांची कन्या, तेथील कायम वास्तव्याचा परवाना हाती आलेला, आणि घरावरील कर्ज अद्याप फिटावयाचे. असा हा मुलगा, भाऊबीजेचे जेवण आटोपल्यावर, नोकरी सोडून वर्षभर केवळ पोकर हा पत्त्यांचा खेळ स्पर्धांतून खेळण्याचा मनोदय बोलून दाखविता झाला. वहिनींच्या हातातील विड्याचे तबक तसेच राहिले. बंधू झोपाळ्यावर बसले होते, ते काहीच बोलले नाहीत. वहिनी आम्हांस म्हणाल्या, "भाऊजी, तुमचे तो ऐकतो. तुम्हीच आता त्यास दोन शब्द सांगा."

द्यूताविषयी आपल्या घरांतून जे सांगितले जाते, ते सांगावयास आम्हांस आयास पडले नसते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील जुगाऱ्याच्या विलापापासून कौरवसभेपर्यंत सारी सामग्री मुखोद्गत आहे. आपल्या संसदेनेही २०२५ साली पैसे लावून ऑनलाइन खेळावयाच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा केलेला आहे. परंतु पस्तिशीच्या माणसास धर्मराजाची गोष्ट सांगितली म्हणजे तो मान डोलावतो आणि मनात आपलेच करतो, हा अनुभव आहे. म्हणून आम्ही त्यास म्हटले, "ज्या डावामुळे तुला हा आत्मविश्वास आला, तो डाव आम्हांस कागदावर मांडून दाखव." त्याने आनंदाने मांडला.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रत्येक गड्यास दोन पाने गुप्त मिळतात. पुढे पाच पाने सर्वांच्या समोर उघडी मांडली जातात. त्या सातांतून ज्याचा पाच पानांचा संच श्रेष्ठ, त्याचा डाव. पैशांऐवजी चकत्या मांडावयाच्या. दर डावात दोघा गड्यांना पाने पाहण्यापूर्वीच काही चकत्या सक्तीने भराव्या लागतात, आणि ही जबाबदारी क्रमाने फिरत राहते. मनुष्य पाने टाकून देऊ शकतो, समोरच्याचा पण स्वीकारू शकतो, अथवा जवळचे सर्वस्व पणास लावू शकतो. स्पर्धेत चकत्या संपल्या की गडी बाद. अमेरिकेतील नेवाडा राज्याने १९३१ साली द्यूतास कायद्याची मान्यता दिली आणि तेथील लास व्हेगास शहरी १९७० पासून या खेळाची जागतिक स्पर्धामाला भरत आली आहे. आमचे चिरंजीव सुटीत त्याच शहरी एका लहानशा स्पर्धेत बसले होते.

दहा गडी, प्रत्येकाचे १०० डॉलर, प्रत्येकास १,००० चकत्या. बक्षिसे तीनच: पहिल्यास ५००, दुसऱ्यास ३००, तिसऱ्यास २०० डॉलर. सहा गडी बाद होऊन चौघे उरले होते. म्हणजे आणखी एकच मनुष्य रिकाम्या हाताने उठावयाचा होता. तो उठला की उरलेल्या तिघांचे काही ना काही पदरात पडणार. खेळाडू या घटकेस बुडबुडा म्हणतात, कारण तो कोणाच्या तरी माथ्यावर फुटावयाचाच असतो. चिरंजीवांजवळ ३,००० चकत्या होत्या, त्यांपैकी २०० सक्तीच्या म्हणून आधीच पुढे ठेवलेल्या. शेजारच्या बलाढ्य गड्याजवळ ४,५००, तिसऱ्याजवळ २,००० आणि चौथ्या बिचाऱ्याजवळ अवघ्या ५००. तिसऱ्याने व चौथ्याने पाने टाकली. बलाढ्य गड्याने मात्र सर्वस्व पणास लावले. चिरंजीवांच्या हाती एक्का व राजा, भिन्न रंगांचे. त्यांनी क्षणभर विचार करून पण स्वीकारला. पाने उघडली, तो समोर सत्ती आणि पंजी! पाच पानांत एक राजा आला, डाव चिरंजीवांचा झाला, आणि पुढे स्पर्धाही त्यांनीच जिंकली.

"पाहिलेत ना काका? तो निव्वळ थाप मारीत होता आणि मी ती ओळखली," चिरंजीव म्हणाले.

आम्ही विचारले, "सत्ती-पंजी त्याच्या हाती आहे, हे तुला पाने उघडण्यापूर्वी ठाऊक होते काय?"

"नव्हते. पण तो वाटेल त्या पानांवर दांडगाई करीत होता, एवढे दिसत होते."

"मग जेवढे दिसत होते तेवढ्यावरच हिशेब करू. उघडलेली पाने पुन्हा पालथी घाल."

हिशेबाचा एक प्रकार अगदी सोपा आहे. पण स्वीकारण्यास आणखी २,८०० चकत्या घालावयाच्या आणि जिंकल्यास एकूण ६,००० हाती यावयाच्या. म्हणजे शंभरांत ४७ वेळा जिंकण्याचा संभव असला की व्यवहार फायद्याचा. समोर कोणतीही दोन पाने असू शकतात असे धरल्यास एक्का-राजा शंभरांत सुमारे ६५ वेळा जिंकतात. या रीतीने पाहता पण स्वीकारणे केवळ योग्यच नव्हे, तर न स्वीकारणे हा भ्याडपणा ठरेल.

परंतु चकत्या म्हणजे डॉलर नव्हेत. दहाच्या दहा हजार चकत्या जिंकणाऱ्यासही बक्षिसाच्या रकमेतील अर्धाच वाटा मिळतो. उरलेला अर्धा ज्यांच्या चकत्या संपल्या त्या दोघांना जातो. म्हणून या घटकेस चकत्यांचे डॉलरांत मोल किती, हे निराळे काढावे लागते. याची एक रीत आहे. हार्व्हिल नामक गणितज्ञाने १९७३ साली घोड्यांच्या शर्यतीतील क्रमांकांसाठी सूत्र प्रसिद्ध केले, आणि मेसन मालमथ या ग्रंथकाराने १९८७ साली तोच विचार पोकरला लावला. पहिल्या क्रमांकाचा संभव चकत्यांच्या प्रमाणात धरावयाचा. पाने टाकली असती तर चिरंजीवांजवळ २,८०० उरल्या असत्या. म्हणजे पहिल्या क्रमांकाचा संभव शेकडा २८. मग दुसऱ्या क्रमांकासाठी, बलाढ्य गडी पहिला आला असे समजून त्याच्या ४,७०० चकत्या बाजूस काढावयाच्या व उरलेल्या ५,३०० मध्ये आपला वाटा पाहावयाचा. असे एकेका गड्यास बाजूस काढीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत जावयाचे. हा त्रैराशिकाचाच विस्तार आहे; आमच्या सातवीच्या मुलांनीही तो केला असता. आम्ही पाठकोऱ्या कागदावर केला आणि चिरंजीवांनी आपल्या संगणकावर ताडून पाहिला.

उत्तर असे आले. पाने टाकली असती तर उरलेल्या चकत्यांचे मोल ३०० डॉलर. पण स्वीकारून जिंकल्यास ६,००० चकत्यांचे मोल ४०६ डॉलर. हरल्यास चौथा क्रमांक, म्हणजे शून्य. चकत्या दुपटीहून अधिक होतात आणि मोल वाढते ते जेमतेम एक तृतीयांशाने! १०६ डॉलर मिळविण्यासाठी हातचे ३०० पणास लावावयाचे, तर जिंकण्याचा संभव शंभरांत ७४ तरी असावा लागतो. एक्का-राजाचा तो ६५. समोरचा गडी डोळे मिटून वाटेल त्या पानांवर सर्वस्व लावीत होता, असे चिरंजीवांच्या सर्वांत सोयीचे गृहीत धरले तरीही तूट दर वेळी सुमारे ३६ डॉलर. त्या गृहीतावरही निदान दश्श्यांची जोडी हाती हवी होती; नव्व्यांची जोडीदेखील थोडक्यात उणी पडते.

"हे सूत्र सर्व गड्यांचे कौशल्य सारखे धरते," चिरंजीवांनी आक्षेप घेतला. आक्षेप रास्त होता. आम्ही म्हटले, "खरे. त्यास आणखीही एक गोष्ट कळत नाही. पुढच्या डावात सक्तीच्या २०० चकत्या भरण्याची पाळी कोणाची होती?" तो थोडा थांबून म्हणाला, "त्या पाचशेवाल्याची." म्हणजे जो मनुष्य बुडण्याच्या बेतात होता, त्याच्या गळ्याशी पाणी पुढच्याच डावात येणार होते. चिरंजीवांनी केवळ स्वस्थ बसावयाचे होते. याउलट, ज्यास ते थापाड्या म्हणत होते त्या गड्याने मात्र हे सर्व ओळखले होते. त्याच्याजवळ चकत्या अधिक; हरला तरी तो बाद होत नव्हता, आणि शहाणा प्रतिस्पर्धी बहुधा पाने टाकील हे तो जाणून होता. त्याचा डाव फसला, पण त्याची रीत बरोबर होती. आम्ही पेपर तपासला असता तर रीतीचे गुण त्यास दिले असते, आणि आमच्या पुतण्यास शून्य.

"पण काका, मी जिंकलो!" तो हसत म्हणाला खरा, परंतु त्या हसण्यात आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्याचा स्वर होता.

वनपर्वातील नलोपाख्यानात ऋतुपर्ण राजा धावत्या रथातून बेहड्याच्या झाडाची पाने व फळे किती, हे सांगतो. नल रथ थांबवून ती फळे खरोखर मोजतो आणि मगच राजाकडून अक्षविद्या घेतो. ज्या कवीने ही कथा रचली त्यास फाशांचे ज्ञान आणि मोजण्याचे ज्ञान ही एकाच घरची आहेत हे ठाऊक होते. राज्य गमावल्यानंतरच नलास मोजावेसे वाटले, ही त्या कथेतील करुण बाजू होय. जिंकत असताना मोजणारा विरळा.

मग आम्ही मूळ प्रश्नाकडे वळलो. "नोकरी सोडण्याचा तुझा हिशेब कोणत्या रीतीचा आहे? चकत्यांचा की डॉलरांचा?" असे विचारताच त्याने प्रतिप्रश्न केला, "काका, तुम्ही कधी असा निर्णय तपासला आहे का?"

तपासला होता, पण चुकीच्या रीतीने. १९८४ साली आमच्या एका स्नेह्याने छापखाना काढला आणि शाळा सोडून, साठविलेले चार पैसे घालून भागीदार होण्याची गळ घातली. आम्ही नाही म्हटले. पुढे त्या छापखान्याच्या तीन शाखा झाल्या, आणि जवळजवळ तीस वर्षे त्या रस्त्याने जाताना आपण संधी दवडली असे मनास लागत राहिले. परंतु त्या वर्षी काय ठाऊक होते? १९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला होता आणि बंधूंची गिरणीतील कारकुनी गेली ती गेलीच. वडील अंथरुणास खिळलेले, एक बहीण लग्नाची. सात माणसे एका मास्तरच्या पगारावर होती. छापखाना चालला असता तर घर अधिक सुखाने जेवले असते. बुडाला असता तर जेवलेच नसते. या दोन गोष्टींचे वजन सारखे नव्हते, आणि आम्ही मात्र इतकी वर्षे शाखा मोजीत होतो.

हे आम्ही बोलून गेलो तेव्हा झोपाळ्याची कडी वाजावयाची थांबली होती. बंधूंनी आमच्याकडे पाहिले नाही, मुलास एवढेच म्हणाले, "मला हे कारण आजवर ठाऊक नव्हते."

त्या रात्री याहून अधिक बोलणे झाले नाही. निकाल आम्ही दिला नाही. सात माणसांचा प्रश्न आमचा होता, त्याच्यापुढील आकडे त्याचे त्यानेच मांडावयास हवेत. कदाचित त्याचा हिशेब नोकरी सोडावी असाच येईल, आणि रीत शुद्ध असेल तर तोही आम्हांस मान्य करावा लागेल. जाताना त्याने तो पाठकोरा कागद मात्र मागून घेतला.

परवा त्याचा दूरध्वनी आला. आजवर तो केवळ हरलेले डाव तपाशीत असे. आता जिंकलेले तपासावयास बसला आहे. म्हणाला, "काका, पहिल्या वीस डावांतच चार ठिकाणी सहांवर काट मारलेली सापडली." नोकरीचे काय ठरले, असे वहिनी मागून खुणेने विचारीत होत्या. आम्ही ते विचारले नाही. त्याचे तपासणे अजून पुरे व्हावयाचे आहे.