छापील किमतीचा बुरखा

‘छापील किमतीवर चाळीस टक्के सूट!’ मोठ्या साखळी भांडारांच्या दारावर आणि मोबाइलच्या पडद्यावर ही घोषणा रोज झळकते. बाजारातील स्पर्धा ग्राहकाचे कल्याण करते याचा पुरावा म्हणून भांडवलशाहीचे भाट तिच्याकडेच बोट दाखवतात. परंतु चाळीस टक्के सोडूनही ज्याला नफा उरतो, त्याने मूळ किंमत कोणत्या हिशेबाने छापली होती?

हा प्रश्न आपला कायदा विचारतच नाही. वेष्टनबंद मालाचे नियम १९७७ साली झाले. ‘स्थानिक कर वेगळे’ या सबबीखाली होणारी लूट थांबावी म्हणून १९९० साली सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणे सक्तीचे झाले. ही सुधारणा आवश्यकच होती. पण छापलेल्या आकड्यापेक्षा जास्त घेऊ नये, एवढेच बंधन आले. तो आकडा उत्पादनखर्चाशी जुळतो की नाही हे, औषधांसारखे मोजके अपवाद वगळता, कोणीही तपासत नाही. छत घातले, पण ते किती उंचीवर असावे हे मालकावर सोपवले!

या मोकळ्या जागेत मक्तेदारांचा खेळ चालतो. शेकडो नाममुद्रा आणि अनेक राज्यांतील दुकाने हाताळणारी साखळी तेल, साखर, डाळ अशा ज्यांचे भाव गृहिणीला तोंडपाठ असतात त्या वस्तू जवळपास खरेदीच्या भावात विकते, आणि ज्यांचे भाव कोणाच्या लक्षात राहत नाहीत अशा मालातून तूट भरून काढते. प्रतिस्पर्धी दुकान जवळ असेल तिथे एक भाव, नसेल तिथे दुसरा. कोणती वस्ती काय आणि किती वेळा घेते याची नोंद यंत्रात आहे. त्या वस्तीला मात्र दुकानदाराचा खरेदीभाव ठाऊक नाही. या विषम ज्ञानाला ‘किंमत-व्यवस्थापन’ असे शास्त्रीय नाव मिळाले आहे.

एकाच मालावर अनुचित रीतीने दोन कमाल किमती छापण्यास २०१८ पासून बंदी आहे. त्यावर तोड सोपी : वजन थोडे बदलावे, वेष्टन बदलावे, की माल ‘वेगळा’ झाला! ठरावीक वजनांची सक्ती उठवून २०२१ च्या दुरुस्तीने हा मार्ग आणखी रुंद केला. त्याच वस्तू मोठ्या साखळ्यांना स्वस्त आणि गल्लीतील दुकानाला महाग, या तफावतीविरुद्ध जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातील वितरकांना काही मालाचे वितरण थांबवावे लागले.

आणि सरकार? १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा करकपातीचा लाभ ग्राहकाला मिळेल अशी हमी देत नफेखोरीविरोधी प्राधिकरण नेमले गेले. २०२२ च्या अखेरीस ते गुंडाळण्यात आले. १ एप्रिल २०२५ पासून नव्या तक्रारी घेणेही बंद झाले. त्यानंतर २२ सप्टेंबर २०२५ रोजी साबण, शाम्पू, टूथपेस्ट, बिस्किटे यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला. पहारेकरी आधी घरी पाठवला आणि मग तिजोरी उघडली! सर्वसामान्यांनी आता कंपन्यांच्या सदिच्छेवर विसंबून राहायचे.

‘ग्राहकाला स्वस्त मिळते, मग तुमची तक्रार काय?’ असे विचारले जाते. ही स्वस्ताई कोणाच्या पदरातून येते? अडून बसलेल्या शेतकऱ्याच्या, लहान उत्पादकाच्या, गोदामातील कंत्राटी कामगाराच्या आणि पाठीवर पेटी घेऊन धावणाऱ्या तरुणाच्या. किराणा दुकानदार साधुसंत आहे असे आम्ही म्हणत नाही. साठेबाजी त्यालाही ठाऊक आहे. पण तो उखडला गेल्यावर भाव कोण ठरवणार? बहुनाममुद्रा किरकोळ व्यापारात ५१ टक्के विदेशी भांडवलाला २०१२ साली मुभा मिळाली, तेव्हा २० सप्टेंबरच्या देशव्यापी बंदमध्ये डावे पक्ष याच प्रश्नासाठी उतरले होते. २०१८ साली वॉलमार्टने सुमारे १६ अब्ज डॉलर मोजून फ्लिपकार्टचा सुमारे ७७ टक्के हिस्सा घेतला, तो काय भारतीय गृहिणीवर उपकार करण्यासाठी?

१९७२ साली मुंबईच्या स्त्रिया महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, तेव्हा त्यांना सूट नको होती. रास्त भाव हवा होता. मागणी आजही तीच आहे. जीवनावश्यक वेष्टनबंद मालाची कमाल किंमत उत्पादनखर्चाशी बांधा. कारखाना ते दुकान प्रत्येक टप्प्याचा नफा जाहीर करा. नफेखोरीविरोधी यंत्रणा पुन्हा उभारा. सार्वजनिक वितरण व्यवस्था सार्वत्रिक करून डाळी व तेल तिच्या कक्षेत आणा.

सूट ही मालकाची मर्जी आहे; रास्त भाव हा जनतेचा हक्क आहे. तो संघटित लढ्यानेच मिळेल.